उदाहरणादाखल श्यामकांत

श्यामकांत देवस्थळी बी.ए. होते, आणि त्यांच्या पदवीचा घरात एकच उपयोग होता: वाद घालायला.

सध्याचा वाद रुचितावरून होता. बारावी झालेल्या या लेकीला दक्षिण दिल्लीतल्या एका कॉलेजात इतिहासाला प्रवेश मिळत होता आणि गुडगावच्या नव्या कॉल सेंटरने नोकरीही देऊ केली होती. कंपनीची गाडी पटपडगंजच्या त्यांच्या सोसायटीच्या फाटकापर्यंत येणार होती. फोनवर घ्यायचं नावसुद्धा ठरलं होतं, रेचल. बारशाला आत्याही लागू नये, इतकी देशाची प्रगती झाली होती.

शनिवारी एक वाजता कॉलेजची फॉर्म घ्यायची खिडकी बंद होणार होती. दहा वाजले तरी फॉर्मवर वडिलांची सही नव्हती.

"डिग्री नसती तर यांना सेंट्रल गव्हर्मेंटने उभं केलं असतं का?" पोहे वाढता वाढता सुमित्राबाई म्हणाल्या. "पगार वेळेवर, औषधपाणी सरकारी, पुढे पेन्शन. यांच्याकडेच बघ ना!"

"यांच्याकडेच बघतोय, ताई." त्यांचा धाकटा भाऊ जयंत कॉलेज अर्धवट सोडून मानेसरला गेला होता आणि आता तिथल्या एका कारखान्यात मॅनेजर होता. "बावीस वर्षं तोच सेक्शन, तीच चार्टर्ड बस, तीच सीट. डिग्रीच्या भरवशावर बसले नसते, तर भाऊजी कुठल्या कुठे गेले असते यार!"

दोन्ही मुद्दे बिनतोड होते. पंचाईत एवढीच, की दोघांचा पुरावा एकच होता आणि तो मधल्या खुर्चीत बसून पोहे खात होता. श्यामकांतांना दोघांचंही पटत होतं. उठून जावं तर एका बाजूला सुमित्राबाईंची खुर्ची, दुसऱ्या बाजूला जयंतचे लांब पाय.

"अहो, सही करा आधी," सुमित्राबाईंनी फॉर्म पुढे सरकवला.

"नीट विचार करून करा, भाऊजी."

श्यामकांतांनी पेन उघडलं. दोन मतांचा कागद समोर आला की हाताला एकच सवय. त्यांनी समासात सुवाच्य अक्षरात 'प्लीज डिस्कस' असं लिहिलं आणि खाली आद्याक्षरं, तारीख टाकून कागद बाजूला सारला. ऑफिसात याचा अर्थ, हे माझ्या गळ्यात घालू नका.

जयंत खो खो हसला. सुमित्राबाईंनी कपाळाला हात लावला. रुचिता मात्र हसली नाही.

"बाबा, माझ्याकडे हा एकच फॉर्म आहे."

"अगं, हात गेला चुकून…"

"ठीक आहे, मग करा डिस्कस. आईशी नाही, मामाशी नाही, माझ्याशी. तुम्हाला काय वाटतं?"

श्यामकांतांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली.

"पुण्याला आम्हाला दीनानाथ सर होते," ते म्हणाले. "पानिपत शिकवताना एकदा मध्येच थांबले आणि मला म्हणाले, 'देवस्थळी, दिल्ली तर हातात आली होती. भाऊसाहेबांच्या जागी तू असतास तर पुढे काय केलं असतंस?' अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. त्या तीन वर्षांत लोक मला मत विचारायचे, रुची. पुढे कुणी विचारलं नाही. तू कॉलेजात जा. नोकरीचं मला ठाऊक नाही."

"मग त्याचा उपयोग काय झाला, भाऊजी?" जयंतने विचारलं, पण हळू.

"काही नाही झाला," श्यामकांत म्हणाले. त्यांनी समासातले शब्द खोडले आणि खाली पूर्ण नावाची सही केली.

"बघ, मी म्हणतच होते!" सुमित्राबाई म्हणाल्या.

"तुझ्या मुद्द्यासाठी नाही केली," श्यामकांत म्हणाले आणि स्वतःच्याच आवाजाला दचकले.

बाप-लेक रिक्षात बसले. निजामुद्दीनच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. पुढे रस्ता नाही, मागे वळायला जागा नाही. रुचिताने घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "मग सरांना काय उत्तर दिलंत?"

"एका बाजूने पाहिलं तर…"

"बाबा!"

श्यामकांतांनी घसा साफ केला. "मी दिल्लीतून हललोच नसतो," ते म्हणाले, आणि का, ते सांगू लागले.