दुसऱ्या मजल्यावरचं सर्वोच्च न्यायालय

आमच्या अपार्टमेंटचं सर्वोच्च न्यायालय दुसऱ्या मजल्यावर भरायचं, आणि त्याची एकमेव न्यायाधीश मी होते.

नेमणूक कुणी केली ते विचारू नका. नागपूरच्या मानेवाडा रोडवर राहायला आलो तशी भांडणं आपोआप माझ्याच दिवाणावर येऊन बसायला लागली. वरच्या छायाबाई निखारे यांच्या ओल्या चादरीचं पाणी खाली मेश्राम साहेबांच्या गाडीवर गळतं. दुबेजी स्कूटर नेमकी लिफ्टच्या तोंडाशी लावतात. गच्चीवर आधी कुरड्या कुणाच्या? सगळं माझ्यापुढे! शिक्षण माझं उमरेडला सातवीतच थांबलं (घरात हातमाग होते आणि हात कमी होते), पण निःपक्षपाती म्हणून माझा काय दरारा! आमचे हे सुद्धा टीव्हीच्या रिमोटसाठी माझ्याकडे रीतसर दाद मागायचे. (मिळायची नाही, ती गोष्ट वेगळी.)

आता आमची लेक पल्लवी. कायदा शिकली, काळा कोट शिवला, आणि कोर्टात एकही दिवस उभी राहिली नाही. मग न्यायाधीशांवरच पीएचडी केली, आणि वर संगणकाचं काय काय शिकली. न्यायाधीश निकाल कायद्यानं देतात की स्वभावानं, त्यांना कुणी नेमलं, बाजूला कोण बसलं की मत फिरतं, हे ती हजारो निकाल संगणकात ओतून पाहते. माझ्या उमरेडच्या बहिणीला हे समजावता समजावता माझा चहा थंड झाला. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे जजवर पाळत ठेवते! सरळ सांग नं वं. अन् ह्याचा पगार भेटते?"

पगाराचाच तर प्रश्न होता. पोरगी कितीतरी वर्षं इथं सहा महिने, तिथं वर्षभर, अशी तात्पुरत्या नोकऱ्यांवर फिरत होती. आणि एकदाची पक्क्या नोकरीची मुलाखत आली. बाहेरचं मोठं विद्यापीठ, मुलाखत लॅपटॉपवर, आणि ती त्या दिवशी नेमकी आमच्याकडे.

"आई, हे हुकलं तर मी हा नाद सोडते," ती सकाळी म्हणाली. पोरीचा चेहरा एवढासा झाला होता. "एक तास घरात कोणाले येऊ देऊ नको. कुकर लावू नको. अन् बाबांले मोठ्यानं शिंकू देऊ नको."

मी शब्द दिला. पण झालं काय, आदल्या दिवशी तालीम करताना तिनं लॅपटॉप हॉलमधल्या टीव्हीला वायरीशिवाय जोडला होता, आणि तो तसाच जोडलेला राहिला. टीव्ही लावते तर पडद्यावर आतल्या खोलीतली आमची पल्लवी! समोर चार-पाच प्रोफेसर! आता सांगा, कोणती आई एकटी पाहील? (चूपचाप बसून पाहणं म्हणजे काही 'येणं' नव्हे, असा निकाल मी स्वतःच्या बाजूनं तिथल्या तिथे दिला.) पाच मिनिटांत छायाबाई, मेश्राम साहेब आणि दुबेजी सोफ्यावर. ह्यांना रुमाल देऊन कोपऱ्यात बसवलं.

मुलाखत इंग्रजीत. माझं इंग्रजी दुकानांच्या पाट्यांपुरतं, म्हणून मेश्राम साहेब हळू आवाजात अर्थ सांगत होते. ते बँकेतून निवृत्त झालेले, इंग्रजी एकदम खणखणीत.

"सांगून राहिली, का माही पद्धत साध्या माणसाले समजावी म्हणून एक लहान उदाहरण घेतलं. मध्य भारतातली एक सोसायटी. तिथची एक न्यायाधीश."

"कोण असंल वं?" छायाबाई म्हणाल्या.

"असंल एखादी," मी म्हटलं. रोज संध्याकाळी फोनवर मी पल्लवीला दिवसभराचे खटले सांगायचे. कोण आलं, काय घेऊन आलं, मी काय म्हटलं. ती 'हं, हं' करायची. मला वाटायचं, पोरीचा आईवर काय जीव!

पडद्यावर रंगीत उभ्या पट्ट्या आल्या. एक पट्टी पार छताला टेकलेली.

"म्हणते, दुपारच्या चहाच्या आधी हे न्यायाधीश सगळ्यायलेच हरवते," मेश्राम साहेब म्हणाले. "माहेरच्या गावचा माणूस असला तं तो जिंकतेच. अन् हे उंच पट्टी... जो खायले घेऊन येते, त्याची." ते पुढे वाकले. "उदाहरण देऊन राहिली. ओली चादर, खाली गाडी, अन्..." त्यांचा आवाज एकदम चढला. "वहिनी! हे तं माहं प्रकरण होय!"

छायाबाईंनी पदर तोंडाला लावला. कारण त्या खटल्याच्या सकाळी सांबारवडीची बशी त्यांच्याकडूनच आली होती. (पुणेकरांनी घाबरू नये, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.)

"तुमी मले वडीपायी हरवलं?"

"मी काही लाच नाही देल्ली हो!" छायाबाई उसळल्या. "वानोळा देल्ला!"

"भाभीजी, और मेरे स्कूटर का केस?" दुबेजी उभे राहिले. "मैं बेवकूफ खाली हाथ आया था!"

"हळू बोला नं!" मी किंचाळले. "अहो, शेजारणीची बशी रिकामी परत करत नाहीत. त्या दिवशी घरात काही नव्हतं. मग निकाल देल्ला!"

इतक्यात ह्यांना शिंक आली. मोठ्यानं!

पडद्यावरचे सगळे प्रोफेसर दचकले. आतल्या खोलीचं दार उघडलं. पल्लवी, पांढरीफटक. मागून लॅपटॉपमधून एका पिकल्या केसांच्या बाईंचा आवाज: कसला गोंधळ चाललाय?

पोरगी माझ्याकडे पाहून, दात-ओठ खात, इंग्रजीत काहीतरी बोलली. "म्हणते, माहा डेटा भांडून राहिला," मेश्राम साहेबांनी तशाही रागात इमानदारीनं अर्थ सांगितला.

बाई म्हणाल्या, न्यायाधीशांना भेटता येईल का? मी केस सारखे करत लॅपटॉपपुढे उभी राहिले.

"आपकी बेटी कहती है, जो खिलाता है वही जीतता है," बाईंनी हिंदीत विचारलं. "सच है?"

"बिलकुल झूठ!" मी म्हटलं. "ऐसा कुछ नहीं रहता. आप सब कभी नागपूर आओ, मैं गरम-गरम सांबारवडी खिलाती. बस, मेरी लड़की को ले लो!"

पल्लवीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पलीकडे असं हसू फुटलं की त्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

त्यानंतर आठवडाभर पोरगी माझ्याशी बोलली नाही. वाढलेलं मुकाट्यानं जेवायची. मी देवापुढे बसून म्हणायचे, माझं न्यायालय जाळ, पण पोरीची नोकरी दे. देवानं दोन्ही ऐकलं! नोकरीचं पत्र आलं, पल्लवी माझ्या गळ्यात पडून रडली, आणि त्याच रविवारी अपार्टमेंटच्या बैठकीत मला एकमतानं काढून मेश्राम साहेबांना न्यायाधीश केलं. (ह्यांनी तर दोन्ही हात वर केले.)

मागच्या महिन्यात माझाच खटला उभा राहिला: दुबेजींच्या नवीन कूलरचं पाणी माझ्या तुळशीत. चहा झाल्यावरची वेळ साधून, बशी झाकून मी मेश्राम साहेबांकडे गेले. त्या माणसानं सगळ्या वड्या खाल्ल्या, अजून आहेत का विचारलं, निकाल माझ्याविरुद्ध दिला, आणि बशी धुऊन रिकामी परत पाठवली!

मी तणतणत पल्लवीला फोन केला.

"आई, यालेच स्वतंत्र न्यायव्यवस्था म्हणतात," ती म्हणाली.

म्हणत असतील. मी फोन ठेवला आणि अपिलासाठी पुरण शिजत घातलं.