उजवी पाकळी

डिचोलीजवळच्या गावात विनिता शाळेचं दुपारचं जेवण बनवणाऱ्या बचतगटात होती. शाळेतल्या सव्वाशे पोरांची पाव-भाजी रोज तिच्या हातची. भाजीत मीठ कमी पडलं तर पोरं चालवून घेतील, पण ती स्वतःला सोडायची नाही.

गेल्या वर्षी तिला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, आणि तो ओटीपोटातल्या लसिकागाठींतही उतरलेला. केमो झाली, रेडिएशनचे शेक झाले. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "गाठींपर्यंत गेलं होतं, म्हणून परत येण्याचा धोका जास्त. तरी अशा निम्म्याहून जास्त बायका पाच वर्षं पार करतात. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी यायचं. आणि पाय सुजला तर लगेच." विनिताला ते आवडलं. निदान कोणीतरी धड बोललं. घरी "काय होवचा नाय" यापलीकडे कोणाची जीभ वळत नव्हती.

पहिल्या तपासणीच्या आधी तिचा नवरा शंभू, खाणीवरचा ट्रक ड्रायव्हर, सातेरीच्या देवळात कौल लावून आला. भटजी देवीच्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात. आधी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "विनिताचा दुखणा कायमचा गेला मा?" असं विचारलं म्हणे, आणि पडली उजवी. झालं, इस्पितळाची फाईल कपाटाच्या वरच्या फळीवर गेली.

मग तपासणीचं नाव काढलं की एकच पालुपद. "देवीन उजवी पाकळी दिल्यान. आता आणि काय व्हया तुका?" यावर बाईमाणसाने बोलायचं तरी काय, देवीशी भांडायचं? खरं तर विनिताचाही देवीवर विश्वास होता. कौल मोडून एकटीनं बस पकडायला तिचा पाय उचलत नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त संताप यायचा. भाजी ढवळता ढवळता ती डाव टोपावर आपटायची.

अशी तीन महिन्यांची तारीख गेली, पुढचीही जवळ आली, आणि डाव्या पायात चपलेचा पट्टा रुतायला लागला. "दिवसभर उभी ऱ्हवतंस, म्हणान सुजलो," शंभू म्हणाला. त्याने पायाकडे नीट बघितलंही नाही.

सोमवारी ती स्वतःच देवळात गेली. शंभू मागोमाग आला.

"भटजीनू, कौल लावा. उद्या इस्पितळात जाव काय, ता इचारा."

भटजींनी पाकळ्या भिजवल्या आणि वैतागून शंभूकडे बघितलं. "आज एकदाच लावतलंय हां. मागच्यासारखो उजवी पडासर लावीत बसूचंय नाय."

विनिता वळली. शंभूने खांबाकडे तोंड फिरवलं.

"कितीदा लावलात?" तिने भटजींना विचारलं.

"तीनदा. पयली दोनदा डावीच पडली."

म्हणजे शंभू इतके महिने कौलाचं पालुपद विश्वासाने लावत नव्हता. घाबरून लावत होता, आणि त्याच्या भीतीपायी तिची तारीख वाया गेली होती. तिला त्याची दया यायला हवी होती. ती आली नाही.

"तुमी देवीक तीनदा इचारलात," ती शंभूला म्हणाली. "डॉक्टराक एकदा इचारूक काय झाला होता?"

तिने देवीला हात जोडले, भटजींना पाकळ्या खाली ठेवायला सांगितलं आणि घरी येऊन स्टुलावर चढून फाईल काढली.

सकाळच्या पहिल्या बसमध्ये शंभू शेजारी येऊन बसला आणि फाईल धरायला त्याने हात पुढे केला. विनिताने ती दिली नाही.