क्राइस्टचर्चमधून पाहिलेला तहरीर चौक

गुड फ्रायडेच्या सकाळी ऑकलंडच्या विमानतळावर एकटा निघालेला बहुधा मीच होतो. बाकी सगळी कुटुंबंच्या कुटुंबं होती. पोरांचे टॉग्ज (पोहायचे कपडे) कोंबून फुगलेल्या पिशव्या, उशा, सायकलींची खोकी. पेनरोजला आमच्या विजेच्या पॅनेलच्या कारखान्यात आदल्या दिवशी जो तो विचारत होता, "सुट्टीत कुठे?" क्राइस्टचर्च म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कोणाकडे?" कोणाकडेच नाही म्हटल्यावर विचारणारा उगाचच ओशाळायचा.

आमचा मराठी ग्रुप टौरंगाला गेला होता. चार जोडपी, दोन गाड्या. मलाही आग्रह झाला. पण घटस्फोटानंतर जोडप्यांच्या सहलीत आपल्यासाठी वेगळी खोली मागणं जिवावर येतं. शिवाय सहा वर्षं मनात होतं की भूकंपाने मोडलेलं ते शहर एकदा पाहावं. २०१७ सालच्या ईस्टरला ते जमलं.

विमान उतरताना खाली कॅन्टरबरीचं सपाट मैदान दिसलं. पट्टीने आखल्यासारखी शेतं आणि पश्चिमेला ओळीने बर्फाचे डोंगर. बसने मी शहराच्या उत्तरेला एका शांत वस्तीत पोचलो. तिथे मी एका इजिप्शियन बाईंच्या घरातली खोली घेतली होती. मादाम सामिहा पासष्टीच्या होत्या. कैरोतल्या शाळेत शिक्षिका होत्या आणि वीस-बावीस वर्षांपूर्वी नवरा आणि मुलासह इथे आल्या होत्या. "किआ ओरा," त्या दारातच इथला माओरी नमस्कार म्हणाल्या आणि लगेच जोडलं, "अहलन (ये, ये). बूट काढू नकोस, फरशी गार आहे."

त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच बाहेरचं होतं, त्यामुळे आमचं पटकन जमलं. मी शहराच्या मुख्य चौकाचा, कॅथीड्रल स्क्वेअरचा रस्ता विचारला, तर त्यांनी बसचा नंबर सांगितला आणि त्या भांडी घासायला वळल्या. "तुम्ही जाता का तिकडे?" मी विचारलं. "मला तिथे काय काम?" त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.

सुट्टीमुळे सगळी दुकानं बंद होती. शहराच्या मधोमध बसमधून उतरलो आणि चौक शोधत हिंडू लागलो. इमारत, मग खडी टाकलेलं मोकळं मैदान, मग पुन्हा एखादी इमारत, पुन्हा खडी. खडीवर गाड्या लावायच्या खुणा, पण गाड्या नाहीत. कुत्रा फिरवणाऱ्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "स्क्वेअर कुठे आहे?"

"तू त्यातच उभा आहेस, मेट," तो म्हणाला. "त्या पत्र्यांना वळसा घाल."

वळसा घातला आणि एकदम ते समोर आलं. दगडी चर्च, पण तोंडच नसलेलं. मनोरा कोसळलेला, पुढची भिंत गेलेली, आत लाकडी छपराखाली कबुतरांची ये-जा. भोवती कुंपण. शहराने ते पाडायचं की पुन्हा बांधायचं, यावर सहा वर्षं वाद चालला होता. एके काळी इथे कोणीही शिडीवर चढून भाषण ठोकायचं, शाळेतली पोरं शिडीखाली उभी राहून त्याची टर उडवायची, नोकरदार माणसं डबा खायला यायची. त्या दिवशी चार चिनी प्रवासी फोटो काढत होते आणि पाचवा मी. चौघांनी त्यांचा फोटो काढून द्यायला मला सांगितलं. तेवढंच बोलणं झालं.

संध्याकाळी घरी परतलो तर सामिहाबाईंनी ताट वाढून ठेवलं होतं. फूल नावाचा इजिप्शियन पदार्थ म्हणजे काय हे मी तिथे शिकलो. वालासारखे दाणे मंद आचेवर मऊ शिजवून त्यावर तेल, लिंबू, जिरं. आपल्या डाळिंब्यांच्या उसळीची मावसबहीणच.

"मिदानात कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"कशात?"

"मिदान. चौकाला आम्ही मिदान म्हणतो."

"आम्ही मैदान म्हणतो," मी म्हणालो. "शब्द एकच दिसतोय."

त्या हसल्या. त्या घरात पाऊल ठेवल्यापासून प्रथमच. मग त्या ज्या चौकाबद्दल बोलू लागल्या, तो क्राइस्टचर्चचा नव्हता, कैरोचा होता. मिदान अल-तहरीर, म्हणजे मुक्तीचा चौक. टेबलावर त्यांनी तो मांडूनच दाखवला. पाव म्हणजे गुलाबी रंगाचं वस्तुसंग्रहालय. मिठाची बरणी म्हणजे नाईलवरचा पूल. आणि पाण्याचा मोठा जग म्हणजे मुगम्मा, सरकारी कचेऱ्यांची अगडबंब इमारत. दाखला, परवाना, पासपोर्ट, काहीही हवं असलं तरी अख्ख्या देशाला तिथेच यावं लागायचं.

"आधी तिथे नदीच्या पुराची दलदल होती," त्या सांगत होत्या. "एका राजाला कैरोचं पॅरिस करायचं होतं. त्याने रस्ते आखले, चौकाला त्याचं नाव मिळालं. पलीकडे इंग्रजांच्या पलटणीच्या बराकी. आमचे लोक मोर्चा घेऊन जायचे ते त्या बराकींसमोर. पुढे इंग्रज गेले, राजाही गेला, मग नाव बदललं. मी कॉलेजात असताना मधोमध एक दगडी चौथरा होता. पुतळ्यासाठी बांधलेला, पण पुतळा कधी आलाच नाही."

"मग त्या चौथऱ्याचं काय केलं?"

"आम्ही त्यावर बसलो. विद्यार्थी. भर थंडीत. आम्हाला आमचं म्हणणं ऐकणारं सरकार हवं होतं. आसपासच्या घरांतल्या बायका पाव आणि गोधड्या आणून द्यायच्या. माझे वडील मुगम्मात कारकून होते. त्यांनी खिडकीतून मला पाहिलं. रात्री जेवताना त्यांच्या ताटातलं अंडं माझ्या ताटात ठेवलं."

मला पुण्याची मंडई आठवली. तिथेही सभा, भाजी आणि भांडणं एकाच जागी. पण मी तिथे कधी कशासाठी बसलो नव्हतो. ऑकलंडला तर बारा वर्षं राहतोय आणि तिथल्या मोठ्या चौकातून कायम बस पकडायच्या घाईनेच गेलोय.

मग त्यांनी करीमबद्दल सांगितलं. करीम हा त्यांचा एकुलता एक मुलगा. इथेच शिकला. २०११च्या जानेवारीत मामेबहिणीच्या लग्नाला म्हणून कैरोला गेला आणि तेव्हाच लोक राष्ट्राध्यक्षांविरुद्ध तहरीरमध्ये उतरले. तोही उतरला. इथे आई-वडील टीव्हीसमोरून हलत नव्हते. आई सारखा फोन लावायची, कुठे आहेस? तो गर्दीतून ओरडायचा, मिदानात! फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्षांनी खुर्ची सोडली. नवरा-बायकोने शेजाऱ्यांना बकलाव्याची मिठाई वाटली.

"आणि पंधरवडाही झाला नाही, तोच इथली जमीन हलली," त्या म्हणाल्या. "फुआद, माझे यजमान, रोज दुपारी कॅथीड्रलसमोर फरशीवर मांडलेल्या मोठ्या सोंगट्यांनी बुद्धिबळ खेळायला जायचे. मी घरी होते. फुआदचा फोन लागेना. तेवढ्यात कैरोहून करीमचा लागला. त्याने विचारलं, बाबा कुठे आहेत? मी म्हटलं, मिदानात."

फुआद वाचले. धुळीने पांढरेफटक होऊन पायी घरी आले. पण पुढच्या हिवाळ्यात हृदयविकाराने गेले. करीम आला, आईला कैरोला चल म्हणाला. ती म्हणाली, तूच इथे ये. तो म्हणाला, आत्ताच तर देश उभा राहतोय. पुढे तिकडचे वारे फिरले. चौकात जमायलाच बंदी आली. करीम आता एका कचेरीत हिशेबनीस आहे.

"मग आता येत का नाही?" मी विचारलं.

"आला तर हरल्यासारखं वाटेल त्याला. मी गेले तर मलाही." त्यांनी जग उचलून माझ्या पेल्यात पाणी ओतलं. मुगम्मा जागेवरून हलला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मी बाहेर पडत होतो, तर त्या कोट घालून दारात उभ्या. "मी येते," एवढंच म्हणाल्या. चौकात उतरल्यावर त्यांनी माझी बाही घट्ट धरली. शनिवार असल्याने ट्राम चालू होती, थोडी माणसं होती. त्या कुंपणापाशी गेल्या आणि जाळीला हात लावून बराच वेळ आत बघत राहिल्या. मी जरा दूर उभा राहिलो. वारा बोचरा होता.

मग त्यांनी फोन काढला. कैरोत तेव्हा सकाळ उजाडली होती. व्हिडिओवर करीमचा झोपाळलेला, दाढी वाढलेला चेहरा आला. तो टॅक्सीतून कचेरीला निघाला होता. सामिहाबाईंनी फोन फिरवून चर्च दाखवलं. मग तो माझ्याकडे वळवला. "हा माझा मित्र. आम्ही सगळे नेहमी येतो इथे. आज बाकीचे यायचेत." अरबीत नाही, इंग्रजीत म्हणाल्या, मलाही कळावं म्हणून. मी हात हलवला.

"थांब, मीही दाखवतो," करीम म्हणाला. त्याची टॅक्सी तहरीरमधूनच जात होती. पडद्यावर हिरवळ दिसली, मधोमध उंच झेंडा, कडेने गाड्या. मुगम्माची काळपट भिंत सरकली. ज्या जागेने सारं जग खिळवून ठेवलं होतं, तिथे पायी चालणारं चिटपाखरू नव्हतं. ड्रायव्हर काहीतरी खेकसला, पडद्यावर करीमचा गुडघा दिसला आणि फोन बंद पडला.

"पोलीस असतील," त्या म्हणाल्या. "ड्रायव्हर म्हणाला असेल, फोन खाली धर." आम्ही ट्रामच्या थांब्यावर बसलो. त्या फोनकडे बघत होत्या, मीही बघत होतो. वाटेत घेतलेल्या कॉफीचे पेले हातात गार पडले. शेवटी मेसेज आला, कचेरीत पोचलो. त्यांनी तो मला वाचून दाखवला, मग पुन्हा स्वतःशी वाचला.

"तुम्ही त्याला खोटं का सांगितलंत?" मी परतीच्या वाटेवर विचारलं.

"तोही मला सांगतो, मजेत आहे म्हणून."

सोमवारी मी निघालो. निघण्याआधी करीमने आईकडून माझा नंबर मागून घेतला होता, पुढे कधी इजिप्तला आलास तर म्हणून. ऑकलंडला उतरलो, फोन चालू केला. आलेल्या माणसांना मिठ्या मारणाऱ्या गर्दीतून वाट काढत असताना त्याचा मेसेज आला. "आई खरंच नेहमी जाते का तिथे? तिचे मित्र आहेत का? मला खरं सांग."

बसमध्ये बसून मी बराच वेळ विचार केला. बाईंचा विश्वास मोडतोय असं वाटत होतं. आणि समोरचा माणूस दुसऱ्या गोलार्धात कचेरीच्या टेबलाशी उत्तराची वाट बघतोय, हेही दिसत होतं. शेवटी लिहिलं, "नाही. भूकंपानंतर परवा पहिल्यांदा आल्या. त्या अगदी एकट्या आहेत." त्यावर उत्तर आलं नाही.

पुढच्या आठवड्यात सामिहाबाईंचा फोन आला. आवाज चढलेला. "तू माझ्या मुलाला काय सांगितलंस?"

"त्याने विचारलं, म्हणून खरं सांगितलं."

त्या म्हणाल्या, "आता रोज फोन करतो तो. रोज! येण्याचं नाव काढत नाही, पण फोन करतो. रोज काय बोलायचं माणसाने?"

मला रोज फोन करणारं कोणी नाही, हे मी बोलून गेलो. एवढ्या वर्षांत हे कोणालाही म्हटलं नव्हतं. जगातले हे दोन चौक मी पाहिले, त्यातला एक फक्त दुसऱ्याच्या फोनवर. दोन्ही जवळजवळ ओस. तरी त्या दोन रिकाम्या जागांमुळे कोणीतरी कोणाला विचारत होतं, कुठे आहेस. मला ते कधी कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

"मग आज काय खाल्लंस ते सांग," सामिहाबाई म्हणाल्या.

मी सांगू लागलो.