बेसिनला पाजलेली खोकी

माझ्या आत्याने सव्वीस वर्षं खोक्यांच्या कारखान्यात काढली. साबणाचं, चपलांचं, औषधाच्या बाटलीचं, कुठलंही खोकं आधी तिच्या टेबलावर पांढऱ्या पुठ्ठ्यातून कापलं जायचं आणि मग त्याचा साचा बनायचा. घडी कुठे पडणार, कुठली जीभ कुठल्या खाचेत बसणार, हे तिचे हात ठरवायचे. आजही कुणी तिला भेटवस्तू दिली की ती आधी खोकं उलगडून बघते, "कुणी कापलंय हे, दातांनी?" असं विचारते आणि मग आतल्या वस्तूकडे वळते.

कारखाना बंद पडला तेव्हा ती चौपन्न वर्षांची होती. वर्षभर घरात बसून तिने सगळ्यांना जेरीस आणलं. कपाटं आवरली, आवरलेली कपाटं पुन्हा आवरली. शेवटी माझे बाबा म्हणाले की ताई, आता तू आम्हालाही घडी घालून फडताळात ठेवशील. त्याच आठवड्यात ती कोपऱ्यावरच्या शाळेत गेली आणि मुख्याध्यापिकांना म्हणाली, तळघरात तुम्ही मोडकी बाकं ठेवता ती खोली मला शनिवारची द्या, पगार नको.

अशा रीतीने टाकाऊ वस्तूंतून कला शिकवणारा तिचा वर्ग सुरू झाला. नऊ ते बारा वर्षांची बावीस मुलं. भिंतीला लागून सहा पिंपं, त्यांत पुठ्ठा, बाटल्यांची झाकणं, चिंध्या, तारेचे तुकडे. नियम एकच: डिंक लावायचा नाही. जे जोडायचं ते खाचेत खाच घालून, गाठ मारून किंवा पीळ देऊन. तिचं म्हणणं असं की डिंकाने दोन वस्तू चिकटल्या की दोन्ही कामातून गेल्या, पुन्हा ना कागद म्हणून उपयोग, ना झाकण म्हणून. महिनाअखेरीला केलेलं सगळं सोडवून परत पिंपांत टाकायचं. पहिल्या महिन्यात यावरून रडारड झाली. एकाने आपली मगर शर्टाखाली लपवून पळवायचा प्रयत्न केला, पण मगरीची शेपटी गळ्यातून बाहेर आली. तिसऱ्या महिन्यापर्यंत मुलं सोडवण्याचीच शर्यत लावू लागली.

उपदेश मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. ती टेबलावर एखादी वस्तू ठेवायची आणि विचारायची, ही कुठून आली आणि आता कुठे जाणार? एकदा तिने ज्यूसचं रिकामं खोकं दोन दिवस पाण्यात भिजवून आणलं आणि मुलांना सोलायला दिलं. आतून कागद निघाला, प्लास्टिक निघालं, चांदीसारखा चकचकीत पातळ पत्रा निघाला.

"तीन कातडी आहेत याला," ती म्हणाली, "आणि काम काय, तर पाच मिनिटांची तहान. रद्दीवालासुद्धा घेत नाही."

त्या चांदीने मुलं खुळावली. याच चांदीचा मासा करायचा, असं तिथेच ठरलं.

दरम्यान मुख्याध्यापिकांनी तिला वर बोलावलं होतं. शाळेच्या जुन्या फायलींना जागा हवी होती आणि तळघरातली खोलीच तेवढी कोरडी होती. वार्षिक प्रदर्शनाला पालक येतील, वरिष्ठ अधिकारी येतील. वर्गाचं काही भरीव काम दिसलं तर खोली वर्गाला, नाहीतर फायलींना. आत्याने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण ती जेवलेलं ताट तसंच ठेवून उठली. असं मी पहिल्यांदाच पाहिलं. ते रिकामं वर्ष आम्हा सगळ्यांच्या लक्षात होतं.

मी नुकतीच इंजिनिअर झाले होते आणि हात शिवशिवत होते. माशाचा तारेचा सांगाडा मी केला, दोन माणसांच्या लांबीचा. खवल्यांचा हिशेब केला: प्रत्येक खोकं उलगडून, चांदीची बाजू बाहेर काढून तारेत अडकवायचं, तर सहाशे चाळीस खोकी लागणार. काम वेळेत व्हावं म्हणून मी भिंतीवर एक तक्ताही लावला, मुलांची नावं आणि पुढे आणलेल्या खोक्यांचे चौकोन. आत्या तक्त्यावरून बोट फिरवत म्हणाली, "इंजिनिअरबाई, हे कारखान्यासारखं झालं." मला ती शाबासकी वाटली.

तक्ता भरभर भरला. सगळ्यांत पुढे होती एक अबोल मुलगी. रस्त्यात दिसेल ते उचलून दप्तरात टाकायची म्हणून वर्गात तिला खारुताई म्हणत. तिचे चौकोन संपले, तेव्हा मी कौतुकाने पुढे जादा कागद चिकटवला. डिंकाने. आत्याने तेवढ्याकडे काणाडोळा केला.

प्रदर्शनाला तीन आठवडे उरले असताना आम्ही दोघी पोत्यांतली खोकी उलगडायला बसलो. आत्याचा हात मध्येच थांबला. तिने एक खोकं उजेडात धरलं, मग दुसरं, मग पोतंच उपडं केलं.

"याचं भोक बघ," ती म्हणाली.

नळी खुपसायच्या जागेवरची चांदीची टिकली शाबूत होती. खोकं कोपऱ्यातून कात्रीने कापलेलं. मी म्हटलं, ग्लासात ओतून प्यायले असतील. ती म्हणाली, एखाददुसरं समजू शकते. आम्ही मोजली, अशी अठ्ठावन्न निघाली. मुलांनी घरच्यांना नवी खोकी विकत आणायला लावली होती आणि आतला रस ओतून दिला होता. कचरा कमी करायला शिकवणाऱ्या वर्गासाठी मुलं कचरा तयार करत होती, आणि त्यांना पळवणारा तक्ता माझा होता. आत्याने सगळी खोकी परत पोत्यात भरली आणि पोत्याला गाठ मारली. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

मला वाटलं, ती गप्प बसेल. खोली हवी असेल तर तेच सोयीचं होतं. खवला एकदा तारेत अडकला की त्याचं भोक कोण बघणार? शनिवारी तिने सगळी खोकी टेबलावर ओतली, एक टिकली शाबूत असलेलं आणि एक फुटलेलं हातात घेऊन मुलांना दाखवलं आणि सांगितलं, वेगळी करा. कुणाचं कुठलं, ते मी विचारणार नाही.

मग मगरवाला पुढे आला आणि म्हणाला, फक्त दोन ढीग पुरायचे नाहीत. त्याने खोकी पिऊनच रिकामी केली होती, पण तहान नसताना, एका दिवसात चार. संध्याकाळी पोटाने त्याचा हिशेब चुकता केला होता. मुलं हसली आणि तिथून मोकळी झाली. तीन ढीग पडले: तहान लागली म्हणून प्यायलेली, मासा हवा म्हणून प्यायलेली आणि बेसिनला पाजलेली. तिसरं नाव मुलांनीच दिलं. पहिला ढीग निम्म्याहूनही कमी होता.

आत्याने सांगितलं की माशाला लागतील ती फक्त पहिल्या ढिगातली. कुणीतरी म्हणालं, मग मासा अर्धाच होणार. ती म्हणाली, होऊ दे.

तेव्हा खारुताई उठली. ती रडत नव्हती, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"बाई, ती माझी आहेत, बेसिनची. पण आता ती रिकामीच आहेत ना? टाकली तर आणखी वाईट."

आत्याने हातातलं खोकं खाली ठेवलं. "बरोबर आहे तुझं. मला सुचत नाहीये. तुला सुचतंय का?"

मुलीने सांगाड्याच्या तारांमधून आत हात घातला. "माशाने खाल्ली तर?"

प्रदर्शनाच्या दिवशी मासा असा होता: शेपटीपासून मध्यापर्यंत चांदीचे खवले, पुढे नुसती तार. तारेतून पोट दिसायचं आणि पोटात उरलेल्या दोन ढिगांची सगळी खोकी ठासून भरलेली, छापील फळं बाहेर. मुख्याध्यापिका आदल्या दिवशी बघून गेल्या होत्या. निदान पुढून एखादं कापड लावा, असं त्यांनी सुचवलं होतं. आत्या म्हणाली होती, बाई, खोली तुमची आहे, मासा मुलांचा आहे.

अधिकाऱ्यांनी विचारलं, काम अपुरं का राहिलं? आत्या मागे सरकली. खारुताईने हात पाठीमागे घट्ट बांधून सगळं सांगितलं, बेसिनसकट. तिचे वडील गर्दीतच होते. खोकी त्यांनीच आणून दिली होती, वर्गाने मागवली आहेत असं समजून. त्यांचा चेहरा आधी पडला, मग ते पुढे येऊन लेकीशेजारी उभे राहिले आणि म्हणाले की घरात एकदाही मी विचारलं नाही, यातलं प्यायला कुणाला हवंय का. लोक हसले, पण माशासमोरून लवकर हलले नाहीत. आपापल्या मुलांना हळूच विचारू लागले, तुझी कुठल्या ढिगातली?

अधिकाऱ्यांनी वहीत काय लिहिलं, ते आम्हाला कळलं नाही. मुख्याध्यापिकांनी निकाल सोमवारी दिला. आत्या शिपायांबरोबर फायलींची कपाटं खोलीत आणवत होती, तेव्हा मी पोचले आणि दारातच थांबले.

"अर्धी मिळाली," ती म्हणाली. "कपाटं इकडे, मुलं तिकडे. मीच सांगितलं त्यांना, सहा पिंपं जास्तच होती."

मग ती एका कपाटाला खांदा लावून मला म्हणाली, बघत काय उभी आहेस, उचल तुझ्या बाजूने.