नोंदीत नसलेला वारा

पवनचक्कीच्या धंद्यात वारा असला की रजा नसते. जून ते सप्टेंबर पठारावर नीट उभं राहवत नाही इतका वारा असतो. त्या दिवसांत घरी लग्न असो की कुणी दवाखान्यात असो, माणूस मशीन सोडून हलत नाही. दिवाळीनंतर वारा पडतो, पाती नुसती उभी राहतात आणि आम्हाला सुट्ट्या मिळतात. म्हणून आमच्या साहेबांनी एका वर्षी सगळ्यांना वाऱ्यावर चालणाऱ्या फळीची मजा दाखवायला नेलं ते नोव्हेंबरात. वाऱ्यावर पोट भरणारी सहा माणसं बिनवाऱ्याच्या दिवसांत शीड घेऊन निघाली आणि यात काही चुकतंय हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. सुट्टी तेव्हाच मिळते, एवढंच आम्हाला ठाऊक.

समुद्र आमच्यापासून लांब. साहेबांनी जिल्ह्यातल्याच एका धरणाचा फुगवटा निवडला. भिंतीमागे पाणी जिथं डोंगरांच्या खाचांत पसरत जातं, त्या काठावर. तीन दिवस, दोन तंबू, एक जीप, आणि साहेबांनी पुण्याहून आणलेली एकच फळी.

मी सुप्याच्या वरच्या पठारावर कंट्रोल रूममध्ये बसतो. समोरच्या पडद्यावर प्रत्येक मशीनवरचा वारा आकड्यांत, सेकंदाला इतके मीटर असा दिसतो, तो मी सांगतो आणि नोंदवतो. पन्नाशी उलटली. बोलतो कमी. आमचं घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती, आणि आमच्या पंथात पापाची कबुली कुणा माणसासमोर द्यावी लागत नाही, सरळ देवाला सांगायची. ही सोय मी आयुष्यभर वापरली. देव पुढे कुणाला जाऊन सांगत नाही.

आमच्यात पाथर्डीकडचा एक टेक्निशियन होता, तिशीच्या आतला. त्याच्या घरची सगळी माणसं दसरा झाला की जीपमध्ये भांडीकुंडी बांधून ऊसतोडीला जायची. घरात पहिल्यांदा कोयता सुटला तो याच्या हातून. आयटीआय केलं आणि टॉवरवर चढायला लागला. ऐंशी मीटरची शिडी तो अशी चढायचा की खालून बघणाऱ्याच्या पोटऱ्या दुखाव्यात. कमरेचा हुक अडकवला की त्याला भीती म्हणून नव्हती. ठेकेदाराकडे होता, कायम व्हायचा होता. चढता येणं हीच त्याची नोकरी.

मला तो 'हवामान खातं' म्हणायचा.

पहिल्या दिवशी वारा नव्हता. चुलीचा धूर काठीसारखा सरळ वर जात होता. साहेब फळी पाण्यात ढकलत, शीड उभं करत, आणि शीड हळूच त्यांच्याच अंगावर कलंडायचं. आम्ही हसायचो. दुसऱ्या दिवशीही तेच. फुगवट्याच्या पश्चिमेला पठारावर आमच्याच कंपनीची दुसरी साइट आहे, तिथली मशीनं काठावरून दिसायची. मोबाईलला रेंज फक्त मागच्या टेकाडावर. मी तासातासाला टेकाड चढायचो, त्या साइटच्या ऑपरेटरला फोन करायचो आणि खाली येऊन आकडा सांगायचो.

"काय हवामान खातं, काय म्हनतंय वारं?"

"एक मीटर."

"मंग तुमीच फुका की शिडात. तुमचा पगार वाऱ्याचा, आन् वारं तुमचं ऐकंना?"

सगळे हसले. साहेबही हसले. मी हसलो नाही, आणि हसलो नाही हे त्याच्या लक्षात आलं, म्हणून तो जास्तच बोलायला लागला. जेवताना माझ्यापुढे ताट ठेवून म्हणाला, "सर, रश्शाचा अंदाज काय? तिखट हाय का बघून सांगा. न्हाई, टेकडावर जाऊन इचारून या." आता लिहिताना हे किती साधं वाटतं. त्या वेळी माझी कानशिलं तापली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी आवराआवर सुरू झाली. साडेचारला मी शेवटच्या वेळी टेकाड चढलो. ऑपरेटर म्हणाला, "दीड आहे सर. दीडच्या वर नाही जाणार आज." मी वरून बघितलं. पठारावर पाती अगदी मंद फिरत होती. वीज होत नसताना अशी मोकळी फिरतात ती, त्याला वारा म्हणत नाहीत. हे मला माहीत होतं. खालच्यांनाही माहीत असायला हवं होतं, पण तिथून त्यांना फक्त फिरणारी पाती दिसत होती.

मी खाली आलो आणि म्हणालो, "सहा मीटर. पाच मिनिटांत पोचेल."

का म्हणालो, त्याचं कारण मी नंतर खूप शोधलं. मोठं कारण सापडलं नाही. त्यानं तरंगायचं जॅकेट घालून फळीवर उभं राहावं, पाचाची दहा मिनिटं व्हावीत, आणि सगळ्यांनी एकदा त्याला हसावं, एवढंच मला हवं होतं.

तो म्हणाला, "बगा हं, सर. तुमच्या शब्दावर चढतुय." पाथर्डीकडचा माणूस, पोहणं येत नव्हतं. साहेबांनी जॅकेटचे बंद आवळले, शीड कसं धरायचं ते दोनदा सांगितलं. तो गुडघाभर पाण्यात फळीवर उभा राहिला, शीड ओढून उभं केलं, आणि काठाकडे बघून माझ्यावर काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

आणि वारा आला.

मी हे आजवर कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. काठावरचं गवत हललं नाही. चुलीचा धूर सरळच होता. फक्त पाण्यावर, त्याच्यापासून सुरू होऊन आतपर्यंत, रस्त्याएवढा रुंद एक पट्टा काळसर झाला, शहारल्यासारखा. शीड एकदम भरलं. फळी निघाली ती सरळ त्या पट्ट्यावरून, इतकी झपाझप की साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "वा, हवामान खातं," कुणीतरी म्हणालं. मी खोटं बोललो होतो आणि माझं खोटं समोर येऊन त्याला घेऊन चाललं होतं.

दहा मिनिटं झाली असतील. फुगवट्याच्या मध्यावर तो पोचला आणि वारा थांबला. कमी होत गेला नाही, थांबला. पट्टा पुसला गेला, शीड पाण्यात पडलं. पाणी असं झालं की पलीकडचा डोंगर त्यात उलटा, दगडन् दगड मोजावा इतका स्पष्ट दिसायला लागला. पठारावर पाती फिरतच होती, मंद, आवाज न करता.

आधी आम्ही मजेत होतो. साहेबांनी ओरडून सांगितलं, "पालथा झोप आणि हातांनी वल्हव."

तो हलला नाही. फळीवर बसला होता, पाय आखडून छातीशी घेतलेले. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला. ओरडला नव्हता, बोलला होता, तरी शेजारी बसल्यासारखा ऐकू आला.

"पान्यात हात घालवत न्हाई, साहेब."

"का रे? खाली काही आहे का?"

"न्हाई," तो म्हणाला. "खाली कायच न्हाई."

वर टॉवरवर त्याच्या हाताशी कायम लोखंड असायचं, हुक अडकवायला. इथं अडकवायला काही नव्हतं. हे मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त त्याचे दात वाजताना ऐकू येत होते, एवढ्या अंतरावरून.

तिथल्या एका मासेमारी करणाऱ्याची होडी पलीकडच्या गावाला गेली होती. साहेब जीप घेऊन होडीवाल्याला आणायला निघाले, रस्ता डोंगराला वळसा घालून. बाकीचे तंबूपाशी थांबले. मी काठाकाठानं पुढे, पाण्यात घुसलेल्या खडकाच्या टोकावर जाऊन उभा राहिलो. तिथून तो थोडा जवळ होता. तोंड दिसत नव्हतं, आकार दिसत होता. ऊन डोंगराआड गेलं. मी डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली, नेहमी करतो तशी, ओठांतल्या ओठांत. देवा, मला क्षमा कर. वारा नव्हता. दीडच होता. मी सहा सांगितला. त्याची जिरवावी म्हणून सांगितला.

"ऐकलं मी, सर."

मी डोळे उघडले. तो हलला नव्हता. तोंड माझ्याकडे होतं की पलीकडे, ते मला कळेना. थांबलेल्या पाण्यावर आवाज लांब जातो, मासेमारी करणारे हे सांगतात. दोन्हीकडून जातो, हे मी विसरलो होतो. पण मी बोललो तरी होतो का? ओठ हलले होते, एवढीच मला खात्री आहे.

होडी येईपर्यंत, तासाभरापेक्षा जास्त, आम्ही दोघं तसेच समोरासमोर होतो.

त्याला काठावर उतरवलं तेव्हा अंधारून आलं होतं. बोटं शिडाच्या दोरीवरून सुटत नव्हती, साहेबांनी एकेक करून सोडवली. जीपमध्ये तो माझ्या शेजारीच बसला.

सुट्टीवरून आल्यावर मी त्या साइटची नोंद उघडली. त्या दिवशी साडेचार ते पाच, सगळ्या मशीनांवर, एकाही ठिकाणी वारा दोनच्या वर गेलेला नाही. डोंगराच्या खाचेतून थंड हवा उतरली असेल, असं साहेब म्हणाले. असेल. मी तीस वर्षं वारा बघतोय, माझा त्या खुलाशावर विश्वास आहे. रात्री झोप मात्र तेवढ्यानं येत नाही.

महिन्याभरानं तो टॉवर चढला आणि निम्म्यावर थांबला. त्याच क्षणी वारा पडला होता, पाती थांबली होती. शिडीला मिठी मारून तो म्हणत होता की खालची माणसं कुजबुजतायत ते त्याला ऐकू येतंय. खाली फक्त ड्रायव्हर होता, जीपमध्ये झोपलेला. त्याला उतरवायला दोन तास लागले. पुन्हा एकदा तसंच झालं. ठेकेदारानं कमी करायचं ठरवलं.

साहेबांनी मला आत बोलावलं. "आपल्यामुळे झालं असेल तर मी त्याला खाली काम देतो, भांडून देतो. पण तो स्वतःच्या हौसेनं गेला होता ना? तुम्ही तर आकडा सांगितला होता, आणि वारा आलाही होता."

मी म्हणालो, "हो साहेब. त्यालाच हौस होती."

एवढं एक वाक्य. ते बोलून बाहेर पडलो तेव्हा तो दाराशी उभा होता. त्यानं ऐकलं असेल, त्याचं ऐकणं तेव्हा कसं होतं ते मला ठाऊक होतं. त्यानं मला वाकून नमस्कार केला आणि हेल्मेट जमा करायला गेला. पुढल्या महिन्यात कळलं, बायकोला घेऊन कोयत्यावर गेला.

तीन हंगाम तो ऊस तोडत होता. मी कंट्रोल रूममध्ये बसून आकडे सांगत होतो. माझं एकच बिघडलं होतं. रविवारी चर्चमध्ये डोळे मिटून कबुलीला सुरुवात केली की मी थांबायचो, उत्तराची वाट बघायचो. पाळक पुढच्या गीताचा आकडा सांगायचे, लोक उभे राहायचे, मी बसूनच. बायको कोपरानं ढोसायची. प्रार्थना करणं मी सोडलं. ओठ हलवायची भीती बसली होती.

गेल्या उन्हाळ्यात मी साहेबांना सगळं सांगितलं. लिहूनही दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. "तुम्हाला मी वीस वर्षं ओळखतो," म्हणाले. मग म्हणाले, "कंट्रोल रूममध्ये मदतनीस लागतोच आहे. जा, त्याला आणा. तुम्हीच जा."

मी पाथर्डीला एसटीनं गेलो, पुढे जीपनं. तो दारात कोयत्याला मूठ बसवत होता. रंग रापला होता, केस पुढून गेले होते. बसा म्हणाला, चहा ठेवायला सांगितलं नाही. बायकोनं आपणहून पाणी आणून दिलं.

"साहेबाला सांगितलं का तुमी?"

"हो."

"कवा?"

"परवा."

"तीन वर्सं लागली," तो बायकोला म्हणाला, मी तिथं नसल्यासारखं. "हवामान खात्याचं असंच असतं." ती हसली नाही.

मी कामाचं सांगितलं. माफी मागायची म्हणून वाटभर वाक्यं जुळवत आलो होतो, ती सांगायला लागलो तर त्यानं हात वर करून थांबवलं. "ते झालंय ऐकून. एक सांगा. ते वारं कुठनं आलं हुतं?"

"माहीत नाही. नोंदीत नाही ते."

"मला घिऊन गेलं, आन् नोंदीत न्हाई?"

"नाही."

त्यानं मूठ ठोकून बसवली, कोयता भिंतीला टेकवून ठेवला. "येतो," म्हणाला. "वर न्हाई चढनार. तुमच्या शेजारी बसंन."

जूनपासून तो माझ्या शेजारी बसतो. काम चोख करतो, डबा माझ्यासमोर उघडतो, चेष्टा करत नाही. दर तासाला मी पडद्यावरचा आकडा वाचून सांगतो. तो पेन खाली ठेवतो, खुर्ची मागे सारतो आणि बाहेर जातो. काचेतून मला दिसतं: उघड्यावर उभा राहून तो हात वर धरतो, बराच वेळ. आत येतो, बसतो, आणि मगच आकडा लिहितो. तो परत येईपर्यंत मी पडद्याकडे बघत असतो, ओठ मिटून.