सातमकाकांचं रिकामं खोकं

सातमकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले ते डोक्यावर रिकामं खोकं घेऊन. नायगावच्या बीडीडी चाळीचे तीन मजले चढून ते दारात उभे राहिले, दम खाल्ला, चपला काढल्या आणि खोकं आमच्या खोलीच्या कोपऱ्यात, कपाट आणि खिडकी यांच्या मधे ठेवलं. मग आईला म्हणाले, "वैनी, हे आठ दिवस इथे राहू दे. कोणी हलवायचं नाही. आठ दिवसांत या खोक्यावरून घरात भांडण झालं नाही, तर पुढचं बोलू." आईने खोकं उघडून पाहिलं. आत काहीच नव्हतं. "हा माणूस बरा आहे ना गं?" असं तिने मला ओट्याकडे ओढून विचारलं. त्याची खात्री तेव्हा मलाही नव्हती.

मी परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काउंटरवर काम करत होते. पगार घरात देऊन जे उरेल त्यातून तीन वर्षं थोडं थोडं बाजूला टाकलं होतं आणि त्या पैशात मला गेम खेळण्यासाठी कॉम्प्युटर जोडून घ्यायचा होता. तयार घ्यायचा नव्हता, तो परवडत नव्हता. एकेक भाग निवडून आणायचा आणि घरीच जोडायचा. आईच्या मते सव्वीस वर्षांच्या मुलीची ही थेरं होती आणि त्या पैशांचं सोनं व्हायला हवं होतं. बाबा काहीच बोलत नव्हते, आणि त्यांचं काही न बोलणं हे आईच्या बोलण्यापेक्षा जड असायचं. ही मी स्वतःसाठी घेत असलेली पहिली वस्तू होती. ती फसली असती तर 'प्राचीला काय कळतं' हे आमच्या घरात कायमचं ठरून गेलं असतं, आणि पुढे माझं लग्न ठरवतानासुद्धा मला कोणी विचारलं नसतं. पैसे बुडण्यापेक्षा मला याचीच भीती जास्त होती.

काकांचा नंबर मला लॅबमधल्या मैत्रिणीने दिला. घोडपदेव ते लालबाग या पट्ट्यात ज्याला कमी पैशात कॉम्प्युटर जोडायचा असेल तो त्यांना फोन करायचा. मी रात्र रात्र व्हिडिओ बघून सामानाची भलीमोठी यादी केली होती. 'मी प्राची परब' असं सांगून ती फोनवर वाचायला सुरुवात केली तर ते म्हणाले, "लिस्ट ठेव बाजूला. खोली दाखव आधी."

आता काकांना जाऊन दोन वर्षं होतील, पण त्यांच्या खोक्याचा अर्थ मी अजून लोकांना समजावून सांगते. काकांचं सगळं आयुष्य गणपतीच्या देखाव्यांत गेलं होतं. राक्षसाचा हात वर जातो, हत्तीची सोंड हलते, कारंजं उडतं, त्या सगळ्याच्या मागच्या मोटारी आणि वायरी ही त्यांची कामं. मोठी मूर्ती गल्लीत आणायच्या आधी काही मंडळं मूर्तीच्या मापाचा बांबूचा सांगाडा करून तो गल्लीतून फिरवून बघतात. कुठे वायर आडवी येते, कुठली गॅलरी पुढे आली आहे, ते आधीच कळतं. काकांनी तीच पद्धत कॉम्प्युटरला लावली होती. "दहा बाय सोळाच्या खोलीत नवीन माणूस राहायला आणतेस तू," ते मला म्हणाले, "घरच्यांना विचारायला नको?"

आठ दिवस खोकं आमच्यात राहिलं. पहिल्या दिवशी आईने त्याच्याकडे पाठ करून भाजी निवडली. तिसऱ्या दिवशी तिने त्यावर घड्या केलेल्या गोधड्या ठेवल्या. चौथ्या दिवशी मी त्या उचलल्या आणि आमची चांगली जुंपली, पण भांडण गोधड्यांवरून होतं, खोक्यावरून नव्हतं, असा निकाल मी स्वतःच देऊन टाकला. त्या कोपऱ्यात बाबांचं बूट घालायचं स्टूल असायचं. बाबा तीस वर्षं बसच्या डेपोत फिटर होते, त्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ते तिथेच होतं. सातव्या दिवशी सकाळी पाहिलं तर स्टूल दाराच्या दुसऱ्या बाजूला गेलेलं होतं. बाबा तिथे बसून शांतपणे नाड्या बांधत होते. मला मात्र रडू आलं, ते मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग काका शिमग्याला गावी गेले. देवगडजवळ त्यांचं गाव, पालखी त्यांच्या अंगणात यायची, त्यामुळे ते जे जायचे ते पाडवा उलटल्यावरच परतायचे. जाताना मला बजावून गेले होते. "मी येईपर्यंत एक स्क्रूसुद्धा घ्यायचा नाही. आणि लक्षात ठेव, दिसणारं शेवटी घ्यायचं. न दिसणारं आधी."

पण पाडव्याच्या दिवशी आमची आई उठली तीच मुहूर्त घेऊन. "घ्यायचंच आहे ना? मग साडेतीन मुहूर्तांतला एक सोडून भलत्या दिवशी कशाला? आज काहीतरी घरात आलंच पाहिजे." आई स्वतःहून घ्यायला सांगतेय म्हटल्यावर मी हुरळले. तशीच लॅमिंग्टन रोडला गेले. एका दुकानात तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड मांडून ठेवलं होतं. गेममधली चित्रं पडद्यावर उमटवतो तो हा भाग, आणि सगळ्यांत महाग भाग हाच. पाडव्याची सवलत होती. मी ते घेतलं आणि माझ्या एकूण पैशांतले अर्ध्याहून जास्त एका दमात संपवले. दुकानदाराने बिचाऱ्याने सांगितलं होतं, की सील फोडू नका, आठवड्यात बदलून देईन.

घरी येऊन मी हातपाय धुवायला गेले. बाहेर आले तोवर आईने सील फोडलं होतं, कार्ड पाटावर ठेवलं होतं, मधल्या पंख्यावर हळदकुंकू वाहिलं होतं आणि वरून अक्षता टाकल्या होत्या. नव्या वस्तूचं आमच्याकडे असंच करतात. फ्रिजचं केलं होतं, मिक्सरचं केलं होतं. मी दुसऱ्या दिवशी कार्ड घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने कुंकू पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. त्याचं काही चुकलं नव्हतं.

काका आल्यावर त्यांना तोंड कसं दाखवायचं हा प्रश्न होता. ते आले, सोबत कोकमं आणि खाजं घेऊन आले. मी कार्ड त्यांच्या पुढे ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, कुंकवाशी थांबले, आणि मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. त्यांनी कार्ड कपाळाला लावलं.

"पूजा झालेली मूर्ती परत जाते काय कधी? आली ती आली. आता मूर्ती मोठी आली म्हणून मंडप मोठा करायचा नाही. सजावट कमी करायची."

मग त्यांनी माझी यादी मागितली आणि पेन्सिलीने एकेक ओळ खोडायला घेतली. रंगीत दिवे गेले. सगळे भाग ज्यात बसवायचे ते काचेचं कॅबिनेट गेलं. नवा प्रोसेसर गेला, त्या जागी वापरलेला आला, तो तपासून घ्यायची जबाबदारी त्यांची. रॅम अर्धी झाली, "उरलेली दिवाळीला घाल, ती काही पळून जात नाही." पण पॉवर सप्लायवर त्यांची पेन्सिल आली आणि त्यांनी माझ्या यादीतला काढून त्याहून महाग लिहिला. हा डबा सगळ्या भागांना वीज पुरवतो, कॅबिनेटच्या तळाशी बसतो आणि कोणालाही दिसत नाही. मी म्हटलं, "काका, इथे तर वाचवता येतील." तेव्हा त्यांनी मला उजवा हात दाखवला. दोन बोटांची टोकं गुळगुळीत होती, त्यांवर रेषाच नव्हत्या.

"कालियामर्दनाचा देखावा होता. नागाचे पाच फणे हलायचे. मंडळाचे पैसे वाचवले म्हणून मी स्वस्तातला ट्रान्सफॉर्मर बसवलेला. सातव्या दिवशी फण्यातून काळा धूर. आणि पब्लिक टाळ्या वाजवतेय! त्यांना वाटलं नाग फुत्कारतो. मी आतमध्ये वायरी ओढतोय आणि बाहेर वन्स मोअर!" ते स्वतःच हसले. मग हसायचे थांबले. "पुढच्या रांगेत सगळी पोरं होती गो. कोणाला काही झालं नाही, ते त्या देवाचं. माझं काही नाही त्यात."

त्यांनी लिहिलेला महाग पॉवर सप्लाय मी यादीत पेनने पक्का केला.

कॅबिनेट त्यांनी एका बंद पडलेल्या ऑफिसच्या भंगारातून आणलं. खोक्याच्या मापात अगदी बरोबर बसलं, पण कार्ड आत जाईना, दोन बोटं लांब पडत होतं. आतली एक पत्र्याची चौकट आडवी येत होती. काकांच्या पिशवीत करवत होती. मी डोळ्यांनी पाहिली होती. तरी पिशवी पायाने मागे सारून ते बाबांकडे वळले. "तुमचो गाव खंयचो?"

"कुडाळ," बाबा म्हणाले.

"मग परबांनू, डेपोतले फिटर तुम्ही. ही चौकट कापायची तर कुठून कापाल?"

बाबा उठले. चष्मा लावला, चौकटीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "इथून कापली तर धार राहील. पोरीच्या हाताला लागेल." मग पलंगाखालून स्वतःची हत्याराची पेटी काढली. निवृत्त झाल्यापासून ती उघडलेली मी पाहिली नव्हती. तासभर कापून, कानशीने घासून त्यांनी पत्रा असा गुळगुळीत केला, की आईने त्यावर हात फिरवून पाहिला.

जोडणी रविवारी दुपारी झाली. काका स्टुलावर हाताची घडी घालून बसले. "मी हात लावणार नाही. मी लावला तर तो माझा होईल." पहिला स्क्रू मी तीनदा काढून पुन्हा लावला. शेवटचा लावून झाला, टीव्हीला वायर जोडली, बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच राहिला.

आई म्हणाली, "तरी मी सांगत होते..." आणि थांबली. तिचं थांबणं मला जास्त लागलं. बाबा चष्मा पुसत होते. तीन वर्षांचे पैसे पंख्यांच्या आवाजात घुंघुं करत होते. मी काकांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत बसले होते.

"काका, सांगा ना काय झालं?"

"मला काय विचारतेस? तू जोडलास. तूच बघ."

मला त्यांचा इतका राग आला, की त्या रागातच मी वीज बंद केली आणि एकेक वायर पुन्हा बसवायला घेतली. सगळ्या नीट होत्या. मग कार्डाकडे डोळे बारीक करून पाहिलं. एका बाजूने ते किंचित वर राहिलं होतं. काढलं, तर खालच्या खाचेत तांदळाचा एक दाणा होता, कुंकवाने लाल झालेला. पंख्यांतल्या अक्षता आम्ही चिमट्याने काढल्या होत्या, ही एक आत लपून राहिली होती. सगळ्यांत आधी आईच हसली, पदर तोंडाला लावून. दाणा काढला, कार्ड दाबून बसवलं, बटण दाबलं, आणि टीव्हीवर पांढरी अक्षरं उमटली. बाबांनी टाळी वाजवली. एकच, पण वाजवली.

"तुम्हाला आधीच दिसलं होतं?" मी नंतर जिन्यात काकांना विचारलं.

"कार्ड तिरकं बसलंय ते दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"त्याने काही जळत नाही, नुसतं चालत नाही. जळणारं असतं तर तुझा हात धरला असता. बोललो असतो तर उद्या पण मलाच हाक मारली असतीस."

पुढच्याच वर्षी काका गावी राहायला गेले. मी अधूनमधून फोन करायचे, तेव्हा ते आधी काकूंना 'चेडवाचो फोन', म्हणजे पोरीचा फोन, असं ओरडून सांगायचे. मी खेळते काय, जिंकते की हरते, याचं त्यांना काही पडलेलं नसायचं. फक्त विचारायचे, "पंख्याचा आवाज कसा आहे?" मी सांगायचे, ते बरं म्हणायचे आणि ठेवून द्यायचे.

मग आमच्या चाळीच्या पुनर्विकासाचे कागद आले. नवी इमारत होईपर्यंत तात्पुरत्या खोलीत जायचं, की महिन्याचं भाडं घेऊन स्वतः जागा शोधायची, ते लिहून द्यायचं होतं. शेजारी रोज नवं काहीतरी सांगत होते. चार दिवस बाबा कागद घेऊन नुसते बसले. पाचव्या दिवशी त्यांनी ते माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "प्राची, तू वाच. तू म्हणशील तसं करू." आईने मान डोलावली. तिने ती सहज डोलावली, जणू हे नेहमीचंच होतं. मी सगळे कागद वाचले, भाडं घ्यायचं ठरवलं, का ते दोघांना सांगितलं, आणि बाबांनी सही केली.

त्या दुपारी मी काकांना फोन लावला. आवाज खोल गेला होता त्यांचा. मी सगळं सांगितलं.

"सही केली परबांनी?"

"केली."

"मग मला आता कशाला विचारतेस?"

"विचारत नाहीये काका. सांगतेय."

पलीकडे काका इतके हसले, की त्यांना ठसका लागला. "काय झालां?" असं काकूंनी मागून विचारलेलं मला ऐकू आलं.

"काय नाय गो," काका त्यांना म्हणाले, "परबांचां चेडू माका विचारणा नाय, आता सांगता."