‘कडक आवाज’ लिहिणाऱ्यांनो, ऐकलं तरी होतंत का?

ग्रुपवरच्या समस्त व्हॉइसओव्हरवाल्यांनो, आज माझं डोकं फिरलंय.

चाकणच्या एका कंपनीच्या फिल्मसाठी केलेलं रेकॉर्डिंग काल इथेच टाकलं होतं. स्पष्ट विचारलं होतं, मागे कसला आवाज येतोय का? मी भोसरीत राहते. शेजारच्या वर्कशॉपमधलं प्रेस मशीन दिवसभर धाडधाड चालतं. माझ्या कानांना ते आता जाणवतही नाही, म्हणून तर तुमचे कान मागितले.

तुम्ही काय दिलंत? ‘कडक!’ ‘एक नंबर, ताई!’ आणि आगीचे इमोजी. मीही खूश होऊन फाईल पाठवून दिली.

आज कंपनीच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये ती सगळ्यांसमोर लावली. प्रत्येक वाक्यामागे धाड, धाड. मॅनेजर म्हणाले, “मॅडम, मशीनवर बसून बोललात का?” सगळे हसले. काम दुसऱ्या कुणाला तरी गेलं.

अरे, ‘मागे ठोके ऐकू येतात’ एवढं एकाने लिहिलं असतं, तरी मी थांबले असते. उद्या गुरुवार, वर्कशॉपला सुट्टी. निवांत पुन्हा रेकॉर्ड केलं असतं.

कौतुक करणाऱ्यांनो, आता एकच सांगा. त्या फाईलमधलं माझं शेवटचं वाक्य काय होतं?